ओहायोत ५७ टक्क्यांवर विजय, फ्लोरिडात ५७ टक्क्यांवर पराभव: डॉब्सनंतरचं गणित कुणी उलगडेल का?

गोदाकाठ (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या गर्भपाताच्या कायद्यांबद्दल आपल्याकडे जे छापून येतं, त्यात ‘कोर्टाने हक्क काढून घेतला’ आणि ‘लोक रस्त्यावर उतरले’ यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. २४ जून २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल मोडीत काढला, इथपर्यंत समजतं. पुढे गाडं अडतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोत गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याच्या बाजूने ५७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि घटनादुरुस्ती मंजूर झाली. वर्षभराने फ्लोरिडात तितकीच मतं पडली आणि ती नामंजूर झाली. मिसुरीत मंजूर झाली, तरी क्लिनिकं लगेच उघडली नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या कोर्टातल्या एका न्यायाधीशाच्या निवडणुकीवर दहा कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला. न्यायाधीशाची निवडणूक, आणि त्यात इतका पैसा? ही यंत्रणा नेमकी चालते कशी, आणि अडते कुठे?

जीव कधी सुरू होतो, धर्म काय सांगतो, यावर इथे आधीच पुष्कळ भांडून झालंय. ते कृपया या धाग्यावर नको.

---

कलम_दवात

आधी डॉब्सने काय केलं ते नीट धरा. कोर्टाने गर्भपातावर बंदी घातलेली नाही. फेडरल राज्यघटनेत असा हक्क नाही, राज्यांनी आपापलं ठरवावं, एवढंच म्हटलं. मूळ खटला मिसिसिपीच्या १५ आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणाऱ्या कायद्याचा. तो कायदा टिकवायला नऊपैकी सहा न्यायमूर्ती तयार होते. रो आणि त्याचा गाभा कायम ठेवणारा १९९२ चा केसी हे दोन्ही निकाल रद्द करायला मात्र पाचच. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांचं म्हणणं होतं, १५ आठवडे मान्य करा, रोला आत्ता हात लावू नका.

हे पाचवं मत आलं कुठून, तेही पाहा. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कॅलिया वारले, तेव्हा ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गारलंड यांची साधी सुनावणीसुद्धा रिपब्लिकन सिनेटने घेतली नाही. कारण दिलं निवडणुकीच्या वर्षाचं. १८ सप्टेंबर २०२० ला न्यायमूर्ती गिन्सबर्ग गेल्या, आणि मतदानाला आठ दिवस उरले असताना, २६ ऑक्टोबरला, त्याच सिनेटने बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजुरी दिली. दोन्ही जागांचा हिशोब एकाच बाजूला जमा झाला.

आता ‘राज्यांनी ठरवावं’ म्हणजे राज्यात कुणी? विधिमंडळ, गव्हर्नरचा नकाराधिकार, राज्याचं सर्वोच्च न्यायालय, आणि काही राज्यांत थेट मतदार. प्रत्येक राज्याला स्वतःची घटना आहे. ती फेडरल घटनेपेक्षा जास्त हक्क देऊ शकते, आणि त्या घटनेचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्द राज्याच्याच कोर्टाचा असतो, वॉशिंग्टनला त्यात बोलता येत नाही. डॉब्सनंतरचं बहुतेक राजकारण या एका फटीतून वाहतंय.

कॅन्सस हे चांगलं उदाहरण. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क आहे असं ठरवलं होतं. तो निकाल पुसून टाकायला विधिमंडळाने घटनादुरुस्ती आणली आणि मतदान मुद्दाम ऑगस्टच्या प्राथमिक फेरीबरोबर (पक्षांचे उमेदवार ठरतात ती) ठेवलं. तेव्हा मतदान कमी होतं आणि चुरशीच्या लढती बहुतेक रिपब्लिकन बाजूला असतात, असा होरा. २ ऑगस्ट २०२२ ला नऊ लाखांहून जास्त लोक मतदानाला आले आणि ५९-४१ ने दुरुस्ती पडली. त्यानंतर कॅलिफोर्निया, व्हरमाँट, मिशिगन, केंटकी, माँटाना, ओहायो, म्हणजे कॅन्सस धरून सलग सात ठिकाणी निकाल हक्काच्या बाजूने लागला.

तुमच्या ५७ टक्क्यांचं उत्तर सरळ आहे. ओहायोत घटनादुरुस्तीला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. फ्लोरिडात ६० टक्के लागतात. ही ६० टक्क्यांची अट २००६ मध्ये सार्वमतानेच घातली गेली, आणि तेव्हा तिला स्वतःला ५८ टक्क्यांच्या आतच मतं होती! आजच्या नियमाने तो नियमच पडला असता. कोलोरॅडोत ५५ टक्के लागतात, तिथे ६२ च्या आसपास मिळाले. नेवाडात लागोपाठ दोन सार्वत्रिक निवडणुकांत मंजुरी लागते. २०२४ मध्ये पहिली मिळाली, दुसरी फेरी २०२६ मध्ये.

ओहायोच्या विधिमंडळाला हे गणित माहीत होतं. म्हणून नोव्हेंबरच्या मतदानाआधी, ८ ऑगस्ट २०२३ ला, त्यांनी अट ६० टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. गंमत म्हणजे ऑगस्टमधल्या बहुतेक विशेष निवडणुका बंद करणारा कायदा त्याच विधिमंडळाने काही महिन्यांपूर्वी केला होता. मतदारांनी ५७-४३ ने ते फेटाळलं. ते मंजूर झालं असतं तर नोव्हेंबरची दुरुस्ती ५६.८ टक्के मिळवून पडली असती.

---

सह्यांचा_हिशोब

वरच्या प्रतिसादाला पुस्ती. मतदान हा शेवटचा टप्पा. बहुतेक मोहिमा त्याआधीच गारद होतात, आणि त्या कशा होतात हे बातम्यांत येत नाही.

ओहायोचा क्रम असा. सुरुवातीला एक हजार सह्यांसह मसुदा आणि त्याचा गोषवारा राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) जातो. गोषवारा प्रामाणिक आहे असं त्यांनी म्हटलं की बॅलट बोर्ड (मतपत्रिकेवरचे प्रश्न तपासणारं राज्याचं मंडळ) मसुद्यात एकच विषय आहे का ते पाहतं. मग खरी सह्यांची मोहीम. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या लागतात, शिवाय राज्यातल्या ८८ पैकी किमान ४४ काउंटींतून (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) प्रत्येकी ५ टक्के. २०२३ ला हा आकडा ४,१३,४८७ होता. मोहिमेने सात लाखांहून जास्त सह्या दिल्या, छाननीत सुमारे ४ लाख ९६ हजार वैध ठरल्या. म्हणजे दर दहातल्या तीन बाद! सही करणाऱ्याची मतदार म्हणून नोंदणीच नसते, नोंदणीतला पत्ता जुना असतो, एकाने दोनदा सही केलेली असते, किंवा एका काउंटीच्या कागदावर दुसऱ्या काउंटीच्या माणसाची सही असते. म्हणून अनुभवी मंडळी गरजेच्या दीडपट सह्या हातात आल्याशिवाय कागद जमाच करत नाहीत. ऑगस्टच्या त्या प्रस्तावात ४४ ऐवजी सगळ्या ८८ काउंटींतून सह्या आणायची अटही होती, हे विसरू नका. ६० टक्क्यांवर सगळे बोलले, पण मला ती दुसरी अट जास्त जीवघेणी वाटते. एका छोट्या काउंटीत थोड्या सह्या कमी पडल्या की सगळं मुसळ केरात.

आर्कान्सामध्ये २०२४ साली ९०,७०४ सह्या हव्या होत्या आणि लाखाहून जास्त जमा झाल्या. पण सह्या गोळा करायला जे लोक पैसे देऊन नेमले होते, त्यांना नियम समजावून सांगितल्याचं प्रमाणपत्र सह्यांबरोबर योग्य रीतीने जोडलेलं नव्हतं. सेक्रेटरी ऑफ स्टेटने (राज्यातल्या निवडणुका पाहणारा अधिकारी) अर्ज फेटाळला. नुसत्या स्वयंसेवकांनी आणलेल्या सह्या सुमारे ८७ हजार भरत होत्या, त्या पुरेना. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४-३ ने फेटाळणी कायम ठेवली. एका कागदापायी सार्वमत गेलं.

मिशिगनमध्ये साडेसात लाखांवर सह्या होत्या, गरज ४,२५,०५९ ची. तिथे हरकत निघाली ती छापील मसुद्यात शब्दांमधली जागा नीट पडलेली नाही, शब्द एकमेकांना चिकटलेत, म्हणून. अर्ज तपासणाऱ्या राज्याच्या मंडळावर दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट, मतं २-२. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५-२ ने प्रश्न मतपत्रिकेवर घ्यायला लावला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रस्ताव जवळपास ५७ टक्क्यांनी मंजूर झाला. मिसुरीत ६ सप्टेंबर २०२४ ला एका न्यायाधीशाने प्रस्ताव अवैध ठरवला आणि १० सप्टेंबरला, मतपत्रिका पक्की करायच्या मुदतीच्या दिवशीच, वरच्या कोर्टाने ४-३ ने तो परत आणला.

मिसिसिपीत तर नागरिकांचा मार्गच बुजला. तिथल्या घटनेत पाच काँग्रेस मतदारसंघांतून ठरावीक प्रमाणात सह्या आणा असं लिहिलंय, आणि २००० च्या जनगणनेनंतर राज्याला मतदारसंघ उरले चारच. २०२१ मध्ये वैद्यकीय गांजाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही अट आता पूर्ण करताच येत नाही, सबब प्रक्रिया निकामी. डॉब्स जिथून निघाला त्या राज्यात मतदारांना विचारायची सोयच नाही. टेक्सस, टेनेसी, अलाबामा, लुईझियाना, इंडियाना, जॉर्जिया इथेही नागरिकांना घटनादुरुस्ती मांडता येत नाही. विधिमंडळाने मनावर घेतलं तरच. कडक बंदी असलेल्या राज्यांपैकी बहुतेक याच गटात येतात.

मतपत्रिकेवरचे शब्द हीही लढाई असते. ओहायोत बॅलट बोर्डाने गोषवाऱ्यात ‘गर्भ’ काढून ‘न जन्मलेलं मूल’ घातलं, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतलं. नेब्रास्कात २०२४ ला वेगळी युक्ती झाली. हक्काच्या प्रस्तावाशेजारी १२ आठवड्यांनंतर बंदी घटनेत घालणारा दुसरा प्रस्ताव उभा राहिला. दोन्हींची शब्दरचना ‘संरक्षण’ या सुरात. दुसरा ५५ टक्क्यांनी मंजूर, पहिला ४९ वर अडकला.

---

तिरकीट

माहिती उत्तम. पण ‘लोक चिडले आणि त्यांनी बंदी घालणाऱ्या पक्षाला धडा शिकवला’ असा जो सूर नेहमी लागतो, तो आकड्यांत बसत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा राज्यांत प्रश्न मतपत्रिकेवर होता, सात ठिकाणी हक्काची बाजू जिंकली. त्या सातांपैकी अ‍ॅरिझोना, मिसुरी, माँटाना, नेवाडा या चार राज्यांत त्याच दिवशी, त्याच मतदारांनी ट्रम्प यांना निवडून दिलं. माँटानात हक्काला ५८ टक्के आणि ट्रम्पनाही ५८ टक्के! मतदारांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या. सार्वमताची सोय असली की एखाद्याला बंदी नको असते, पण पक्ष बदलायची गरजही वाटत नाही. हक्क घटनेत लिहून ठेवला, आता मत महागाई आणि सीमेवर. डेमोक्रॅट पक्षाने २०२४ मध्ये या प्रस्तावांकडून जी आशा धरली होती ती याच कारणाने फसली, असं माझं स्पष्ट मत आहे.

अ‍ॅरिझोनाचं तर नवल वाटतं. ९ एप्रिल २०२४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४ चा जवळपास संपूर्ण गर्भपातबंदीचा कायदा लागू होतो असं सांगितलं. १८६४, म्हणजे अ‍ॅरिझोना राज्य होण्याच्या ४८ वर्षं आधी! एवढा गदारोळ झाला की काही रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅटांबरोबर मत देऊन तो रद्द केला, २ मे ला गव्हर्नर हॉब्स यांची सही झाली. नोव्हेंबरमध्ये हक्काची दुरुस्ती ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर. आणि त्याच मतपत्रिकेवर, तो निकाल देणाऱ्या बाजूच्या दोन न्यायमूर्तींना, बोलिक आणि किंग, कायम ठेवायचं का असा प्रश्न होता. ठेवलं!

---

कलम_दवात

@तिरकीट, बऱ्याच अंशी सहमत. पण विस्कॉन्सिनला हे लागू पडत नाही, आणि का पडत नाही त्यातच गोदाकाठ यांच्या न्यायाधीशांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे नागरिकांना सार्वमत मागताच येत नाही. मतदारांच्या हाती एकच दांडा होता, कोर्ट.

आपल्याला कॉलेजियमची सवय, म्हणून हे विचित्र वाटतं. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयात सात जण, मुदत दहा वर्षं, निवड थेट मतदानाने, एप्रिलमध्ये, एका वर्षी एकच जागा. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, पण कोण कुणाचं ते शेंबड्या पोरालाही माहीत. डॉब्स लागला त्या दिवशी १८४९ च्या गर्भपातबंदीच्या कायद्याच्या धास्तीने क्लिनिकं बंद झाली. कोर्टात तेव्हा ४-३ पुराणमतवादी बहुमत. ४ एप्रिल २०२३ ला जागा रिकामी होत होती तीही त्याच गटाची. जॅनेट प्रोटासीविच यांनी प्रचारात गर्भपाताबद्दलचं आपलं मत लपवलं नाही आणि ११ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. आकडा फिरला, ४-३ उलट झालं. १ एप्रिल २०२५ ला पुन्हा एक जागा. इलॉन मस्क आणि त्यांच्याशी जोडलेल्या गटांनी दोन कोटी डॉलरहून जास्त ओतले, तरी सुझन क्रॉफर्ड दहा टक्क्यांनी निवडून आल्या. २ जुलै २०२५ ला कोर्टाने ४-३ ने सांगितलं की १८४९ नंतर विधिमंडळाने या विषयावर इतके तपशीलवार कायदे केलेत की जुना कायदा आपोआप बाद झालाय. लक्षात घ्या, घटनेत हक्क आहे असं कोर्टाने म्हटलेलं नाही. उद्या विधिमंडळ आणि गव्हर्नर एका पक्षाचे झाले तर नवीन कायदा येऊ शकतो.

कोर्ट उलट्या दिशेने फिरतं तेव्हा काय होतं, त्याचे नमुने:

फ्लोरिडाच्या घटनेत १९८० पासून खासगीपणाचा हक्क लिहिलेला आहे. १९८९ मध्ये तिथल्या कोर्टाने त्यात गर्भपात येतो असं ठरवलं. पुढे सातपैकी पाच न्यायमूर्ती गव्हर्नर डिसँटिस यांनी नेमलेले झाले आणि १ एप्रिल २०२४ ला जुना निकाल उलटला. घटनेतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. १५ आठवड्यांचा कायदा वैध ठरताच महिन्याभरात सहा आठवड्यांचा लागू झाला, कारण दुसरा कायदा पहिल्याच्या निकालाला बांधून ठेवला होता.

साउथ कॅरोलायनात न्यायाधीश विधिमंडळ निवडतं. जानेवारी २०२३ मध्ये सहा आठवड्यांची बंदी ३-२ ने रद्द. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती के हर्न वयोमर्यादेने निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी विधिमंडळाने पुरुष न्यायाधीश निवडला, कायद्यात थोडे फेरफार केले, आणि ऑगस्टमध्ये तशीच बंदी ४-१ ने वैध. आयोवात २०१८ ला हक्क मान्य, २०१९ ला न्यायाधीश सुचवणाऱ्या आयोगावर गव्हर्नरने नेमलेले सदस्य वाढवले, २०२२ ला निकाल फिरवला, २०२४ ला सहा आठवड्यांची बंदी ४-३ ने लागू.

कॅन्ससमध्ये मतदारांनी दुरुस्ती पाडली, म्हणून आता मोर्चा न्यायाधीशांकडे वळलाय. सध्या नऊ जणांचा आयोग तीन नावं देतो, गव्हर्नर एक निवडतो. त्याऐवजी थेट निवडणूक घ्यावी का, यावर विधिमंडळाने ऑगस्ट २०२६ मध्ये मतदान ठरवलं. पुन्हा ऑगस्ट!

आणि ओहायो. २०२१ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारांपुढे पक्षाचं नाव छापायला सुरुवात झाली. २०२३ ला ज्या मतदारांनी हक्क घटनेत घातला, त्यांनीच २०२४ ला कोर्टात रिपब्लिकनांचं ४-३ चं ६-१ केलं. त्या हक्काचा अर्थ आता हे सात जण लावणार.

---

गोदाकाठ

मनापासून आभार. फ्लोरिडाचा तो २००६ चा तपशील वाचून हसावं की रडावं कळेना. मिसुरीबद्दल कुणी सांगेल का? हक्क घटनेत आला म्हणजे त्याविरुद्धचा कायदा आपोआप मरत नाही का?

---

फाइलबहाद्दर

मरत नाही. घटनादुरुस्तीमुळे कायदा पुस्तकातून खोडला जात नाही. कुणीतरी कोर्टात जाऊन, कलम दाखवून, एकेक कायदा पाडावा लागतो. ओहायोचा सहा आठवड्यांचा कायदा दुरुस्तीनंतर जवळपास वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, खालच्या कोर्टाने रद्द केला. अ‍ॅरिझोनाचा १५ आठवड्यांचा मार्च २०२५ मध्ये गेला. मिशिगनमध्ये २४ तास थांबण्याची सक्ती दुरुस्तीनंतरही दीड वर्षाहून जास्त चालू होती.

मिसुरीत बंदीखाली दुसरा थर होता. क्लिनिकला परवाना हवा, परवान्यासाठी इमारतीचे रुग्णालयासारखे निकष, ७२ तासांची प्रतीक्षा, जवळच्या रुग्णालयाशी डॉक्टरचा करार, आणि गोळ्यांसाठी गुंतागुंत झाल्यास काय करणार याची राज्याने मंजूर केलेली योजना. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती ५१.६ टक्क्यांनी मंजूर झाली. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी बंदी थांबवली, पण परवान्याची अट ठेवली, म्हणून क्लिनिकं बंदच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती अटही थांबवली, मग कॅन्सस सिटीत काम सुरू झालं. २७ मे ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही स्थगिती चुकीच्या कसोटीवर दिलीय म्हणून उठवायला लावली, क्लिनिकं पुन्हा बंद. जुलैमध्ये खालच्या कोर्टाने नव्या कसोटीवर पुन्हा स्थगिती दिली. या सगळ्यात गोळ्यांनी होणारा गर्भपात राज्यात सुरूच होऊ शकला नाही, कारण ती योजना मंजूर करणारं खातं राज्य सरकारचंच.

तेवढ्यात विधिमंडळाने ही दुरुस्ती रद्द करणारा प्रस्ताव २०२६ साठी तयार केला. त्यात अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांवरची बंदीही जोडली आहे, म्हणजे एका मतात दोन विषय. गोषवाऱ्यात मुळात ‘२०२४ ची दुरुस्ती रद्द होईल’ असं स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं, कोर्टाने ते लिहायला लावलं.

बंदीतल्या ‘अपवादां’बद्दलही दोन शब्द. टेक्ससच्या कायद्यात आईचा जीव धोक्यात असेल तर परवानगी आहे. पण डॉक्टर चुकला असं ठरलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान एक लाख डॉलर दंड आणि परवाना रद्द. धोका किती झाला म्हणजे पुरेसा, हे कायद्यात नीट नव्हतं. त्यामुळे रुग्णालयाचे वकील थांबा म्हणतात आणि डॉक्टर रुग्णाची तब्येत आणखी ढासळण्याची वाट पाहतात. ओरड इतकी झाली की बंदी करणाऱ्याच विधिमंडळाला २०२५ मध्ये वैद्यकीय अपवाद स्पष्ट करणारा कायदा करावा लागला. तिथे सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती रिपब्लिकन, पक्षाच्या नावावर निवडून येणारे, आणि २०२४ ला उभे राहिलेले तिघेही आरामात परत आले. @तिरकीट यांचा मुद्दा इथे खरा ठरतो.

गोळ्यांचा प्रश्न वेगळ्या धाग्याच्या लायकीचा आहे. २०२३ मध्ये सुमारे ६३ टक्के गर्भपात गोळ्यांनी झाले, आणि न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारखी राज्यं बंदीच्या राज्यांत गोळ्या पाठवणाऱ्या आपल्या डॉक्टरांना कायद्याने पाठीशी घालतात. उत्तर म्हणून टेक्ससने गोळ्या बनवणाऱ्या-पुरवणाऱ्यांवर सामान्य माणसालाही किमान एक लाख डॉलरचा दावा लावता येईल असा कायदा डिसेंबर २०२५ पासून आणला. एका राज्याचा हुकूमनामा दुसऱ्या राज्याने मानायचा की नाही, हा वाद शेवटी वॉशिंग्टनच्याच कोर्टात जाणार असं दिसतंय. जून २०२४ मध्ये मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीच्या खटल्यात त्या कोर्टाने ९-० ने फक्त ‘दावा लावणाऱ्यांचा इथे संबंध नाही’ एवढंच सांगितलं होतं, औषधाच्या परवानगीवर निर्णय दिलेला नाही.

---

हेमाडपंती

अवांतर, पण आपल्याकडच्या वाचकांना जवळचं. आयर्लंडमध्ये १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने दगावल्या. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, पण हृदयाचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला गेला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी ती दुरुस्ती गेली. अमेरिकी राज्यांशी फरक असा की आयरिश मतदारांनी घटनेत नवा हक्क लिहिला नाही, कायदा करायचा अधिकार संसदेला दिला. संसदेने १२ आठवड्यांपर्यंतचा कायदा केला, जानेवारी २०१९ पासून लागू. कोर्टकज्ज्यांना वाव कमी राहिला.

भारतात सार्वमत नाही, आणि १९७१ चा एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायदा हा गुन्ह्याला अपवाद अशाच स्वरूपाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली गर्भपात आजही गुन्हा, एमटीपीच्या चौकटीत बसला तर सुटका. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यात धरलं. निर्णय डॉक्टरांच्या मतावर टेकलेला आहे, हे विसरून ‘आपल्याकडे हक्क आहे’ असं म्हणणं घाईचं होईल.

---

सह्यांचा_हिशोब

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी व्यवहारातली गोष्ट, कारण मंडळाच्या कार्यक्रमाबाहेर, बाजारात, विद्यापीठात सह्या गोळा करणारे भेटतातच. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर सही करू नका. अर्जावर सही फक्त नोंदणीकृत मतदाराची चालते. तुमची बाद होईलच, वर कागदावर आपण मतदार आहोत असं लिहून दिल्यासारखं होतं, आणि ते पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अंगाशी येऊ शकतं. ‘काही होत नाही, करा’ असं सही गोळा करणारा म्हणाला तरी ऐकू नका, त्याला बहुधा तासाचे किंवा सहीचे पैसे मिळतात. ओहायोने २०२४ मध्ये कायदा करून परदेशी नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांसह, सार्वमताच्या प्रचाराला देणगी द्यायलाही मनाई केली. त्यावर खटला झाला, म्हणून देणगी देण्याआधी सद्यस्थिती पाहा.

नागरिक असाल तर घर बदलल्यावर मतदार नोंदणीतला पत्ता आधी बदला, मग सही करा. नाव नोंदणीत आहे तसंच लिहा. नोंदणीत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असेल तर ते घाला, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर नोंदणीतलंच वापरा. काउंटीचं नाव कागदाच्या डोक्यावर छापलेलं असतं, ते आपल्याच काउंटीचं आहे का बघा. आणि न्यायाधीशांच्या जागा मतपत्रिकेत खूप खाली असतात. पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींना ठेवायचं का हा प्रश्न होता, तो नुसत्या हो-नाहीचा, पक्षाचं नाव न छापता. तो रकाना आपोआप भरला जात नाही, हाताने भरावा लागतो.